शवासनाची राखण

माळशेज घाटात आमची एसटी वळणावर वळणं घेत होती आणि सगळी बस झोपली होती. कंडक्टर झोपला होता, पुढच्या सीटवरची दोन पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडली होती, आणि मी तर आळेफाटा सुटल्या सुटल्या घोरायला लागलो होतो. हे सगळं मला माझ्या बायकोनं, मंगलनं, नंतर सांगितलं. बसमध्ये जागी माणसं दोनच होती. एक ड्रायव्हर आणि दुसरी ती.

आमच्या प्रवासाचं कारणही तेच होतं.

माझी आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. हाक मारायची ताकद उरली नव्हती म्हणून तिच्या उशाशी पूजेतली छोटी घंटी ठेवली होती. घंटी वाजली की मंगल उठायची. कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, कधी नुसताच हात धरून बसायचं. मीसुद्धा उठायचो, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. पण मी शाळेत दिवसभर भूगोल शिकवून आलेला माणूस. घंटी काय, कानाशी ताशा वाजवला असता तरी कूस बदलून झोपलो असतो. आई गेली त्याला वर्ष झालं. घंटी देवघरात परत गेली, पण मंगलची झोप काही परत आली नाही. जरा डोळा लागला की दचकून उठते, कानोसा घेते आणि मग उजाडेपर्यंत तशीच पडून राहते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, जायफळ घातलेलं दूध झालं. ते दूध बहुतेक वेळा मीच संपवलं आणि आणखी गाढ झोपलो.

शेवटी तिच्या धाकट्या भावाचा, सुधीरचा, बदलापूरहून फोन आला. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे. "दाजी, ताईला घेऊन या आठ दिवस. आमचे सर योग शिकवतात. थर्ड शिफ्टवाल्यांना झोपवतात, ताई किस झाड की पत्ती!"

मी रजा टाकली. परतीच्या बसचं रिझर्वेशनही लगेच केलं, सोमवारी सकाळी साडेदहा, कल्याण डेपो. आमचे हेडमास्तर रजेच्या बाबतीत भूगोलापेक्षा गणितावर जास्त विश्वास ठेवतात.

सुधीरचं घर बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत. तिसरा मजला, गच्चीवरून डोंगरांची रांग दिसते. पोचल्यावर त्यानं ताईच्या पायाला हात लावला, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, तुम्ही मात्र फ्रेश दिसताय."

दुसऱ्या दिवशी आधी उल्हासनगरला गेलो, योगासाठी चटई घ्यायला. ज्या दुकानात शिरलो तिथले शेठ सत्तरीचे, सिंधी, कपाळावर चष्मा. त्यांनी आधी बसवलं, मग पापड आणि पाणी पुढं ठेवलं. त्यांच्यात आल्यागेल्याला पापड देतात. मी तो आवाज न करता खायचा प्रयत्न केला आणि सगळ्या दुकानानं माझ्याकडे बघितलं.

"किसके लिए चाहिए, साईं?" (साईं म्हणजे सिंधी बोलण्यातलं आदराचं 'साहेब'.)

"योग के लिए. वो रबर का मॅट दिखाइए."

"आप करोगे?" त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्या पोटाकडे बराच वेळ बघितलं.

"झोपेसाठी पाहिजे," मंगल मध्येच म्हणाली. "मला झोप येत नाही."

शेठचा सूर एकदम बदलला आणि भाषाही. "अरे ताई, मग रबर कशाला? रबरावर कोण झोपतो? रबर टायरला लावतात." त्यांनी मागून एक सुती सतरंजी काढली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि तिच्या हातात दिली. "हात फिरवा. माझी आई अशावरच झोपायची. पडली की गेली."

मंगलनं हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. तेवढ्यात शेठनी मला एक ट्रॅकपँट विकली. ती पोटाला बरोबर होती, पण पायात माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाची होती. येताना एका गाडीवर दाल पकवान (कडक तळलेली मोठी पुरी आणि वर चण्याची डाळ, चटणी, कच्चा कांदा) खाल्लं. योगाची सुरुवात इतकी चांगली होईल असं मला वाटलं नव्हतं.

खरी सुरुवात त्याच्या पुढच्या सकाळी झाली. एमआयडीसीच्या रस्त्यालगतच्या वस्तीत एक बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या हॉलमध्ये साडेसातला वर्ग भरतो. ही वेळ मुद्दाम ठेवलेली, कारण सातला रात्रीची थर्ड शिफ्ट सुटते. रिक्षा दारात थांबत होत्या, एकेकीतून चार-चार, पाच-पाच माणसं उतरत होती. डोळे लाल, हातात डबा, शर्टाला ग्रीस. हवेत सकाळी सकाळी एक आंबूस, औषधी वास होता. मी रुमाल नाकाला लावला. सुधीर म्हणाला, "दोन दिवसांनी येणार नाही वास." तोही रात्रभर काम करून थेट तिथंच आला होता.

शिकवणारे साळवे सर. वय पासष्टच्या पुढं, अंगावर मांस कमी आणि आवाज भरपूर. पंचवीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर होते. पाठ धरली म्हणून योगाकडे वळले आणि मग तिथलेच झाले. ते सगळं बॉयलरच्या भाषेत शिकवतात.

"पाणी, जाळ आणि वाफ," ते म्हणाले. "तिन्ही बेतात पाहिजे. एक जरी वाढलं तरी भडका. शरीर म्हणजे पाणी, मन म्हणजे जाळ."

"आणि वाफ म्हणजे आत्मा?" मी विचारलं. मास्तर माणूस, वर्गात गप्प बसवत नाही.

सर हसले. "आत्म्याचं मला विचारू नका. तुमच्या आणि आमच्या घरात त्यावर एकमत नाही. तुम्ही आत्मा म्हणा, मी जाग म्हणतो. भांडण नको. श्वास घ्या."

मी श्वास घेतला. मग ताडासन झालं, मग वृक्षासन. वृक्षासनात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला लावायचा. माझा तळवा त्या पायघोळ ट्रॅकपँटमध्ये अडकला आणि मी सुधीरवर पडलो. सुधीर रात्रीचा दमलेला, तो पलीकडच्या वेल्डरवर पडला. "नवीन लागवड दिसतेय," वेल्डर खालूनच म्हणाला.

मंगल मात्र पहिल्याच दिवशी सरळ उभी राहिली. पाय हलला नाही, डोळाही हलला नाही. सर तिच्याजवळ क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

शेवटी शवासन. इथं त्या हॉलची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठं बघितली नाही. शवासनात झोप लागली तर कुणी कुणाला उठवत नाही. ज्याची जेवढी झोप, तेवढा वेळ तो झोपतो. पण झोपलेल्यांवर राखण असते. रोज एक जण निजत नाही, तो दाराशी भिंतीला पाठ न टेकता बसतो. फोन नाही, पेपर नाही. समोरच्यांच्या श्वासाकडे बघत राहायचं. आणि सगळे आडवे होण्याआधी त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "चार्ज घेतला."

"बॉयलर सोडून कुणालाही जाता येत नाही," सरांनी मला समजावलं. "शिफ्ट संपली, भोंगा झाला, तरी नाही. रिलिव्हर यायला लागतो. त्यानं येऊन काचेत पाणी बघायचं, प्रेशर बघायचं आणि तोंडानं म्हणायचं, चार्ज घेतला. मग पहिला माणूस मोकळा. मी एकदा रिलिव्हर आला नाही म्हणून लागोपाठ दुसरी शिफ्ट उभा होतो. ही पोरं सगळी तशीच. जबाबदारी कुणी घेतली हे कानानं ऐकल्याशिवाय ह्यांचं अंग सुटत नाही."

त्या दिवशी एक म्हातारे वॉचमन राखणीला होते. ते "चार्ज घेतला" म्हणाले आणि दोन मिनिटांत हॉलमध्ये घोरण्याचे चार सूर लागले. मी पाचवा. मंगल डोळे मिटून होती, एवढंच. कुणी खोकलं की तिची मान उचलायची.

न झोपलेल्यांसाठी सर वीस मिनिटांनी एक छोटी घंटी हळूच वाजवायचे. त्यांनी ती वाजवली आणि मंगल ताडकन उठून बसली.

"आले, आई!"

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मी जागा झालो ते तिच्या आवाजानं. ती सतरंजीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती, चेहरा लाजेनं काळवंडलेला. सरांनी घंटी कपाटात ठेवली, कपाट बंद केलं आणि तिच्यापाशी येऊन उकिडवे बसले.

"किती वर्षं, ताई?"

"चार."

त्यानंतर त्या हॉलमध्ये घंटी वाजली नाही. सर तळहात एकमेकांवर घासायचे, तेवढाच आवाज.

शनिवारी मी हात वर केला. "सर, आज राखणीला मी बसतो." वाकण्यापेक्षा बसणं सोपं, हा माझा खरा हिशोब होता. शिवाय मंगलसमोर जरा भाव खाता येईल. दाराशी मांडी घातली, छाती काढली आणि नाटकातल्या राजासारखं म्हणालो, "चाऽर्ज घेतला!" पोरं हसली.

पुढचं मला नीट आठवत नाही. पंख्याचा आवाज होता, समोर दहा माणसांचे श्वास वर-खाली होत होते, त्यात एक छान लय होती.

डोळे उघडले तेव्हा मी भिंतीला टेकलेलो होतो, तोंड उघडं. माझ्या शेजारी मंगल बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. ती झोपलेल्या नऊ जणांकडे बघत होती. तिच्या भावाकडे, वेल्डरकडे, एकेकाकडे.

"कधीपासून बसलीस?" मी कुजबुजलो.

"तुम्ही घोरायला लागल्यापासून."

सगळे उठल्यावर सर म्हणाले, "मास्तर, बॉयलरवर झोपला असतात तर चार्जशीट मिळालं असतं." पोरं पुन्हा हसली, मीही हसलो. पण रिक्षातून बेलवलीला येताना मंगल बाहेर बघत अगदी साधेपणानं म्हणाली, "राहू द्या हो. तुम्हाला सवय नाही." रागावली असती तर बरं झालं असतं. चार वर्षं मी असाच झोपलो होतो आणि चार वर्षं ती अशीच माझ्या वाटची राखण करत होती. हे मला कळायला अंबरनाथपर्यंत यावं लागलं.

रविवारी सरांचा वर्ग चामटोलीला असतो, बदलापूरपुढच्या गावात, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर. जमीन शेणानं सारवलेली, कडेला पेंढ्याची उडवी, पलीकडे वालाचं हिरवं शेत. आलेल्यांत निम्म्या बायका होत्या. त्यातल्या ठमाबाई, खळ्याच्या मालकीणबाई, वृक्षासन करता करता माझ्याशी गप्पा मारत होत्या आणि मी झाडाला धरून उभा होतो.

"मास्तर, झाड धरून झाड होता व्हय?"

"तुमचा तोल कसा काय राहतो?"

"डोक्यावर भारा घेऊन बांधावरनं चाललं की ऱ्हातो. नाय ऱ्हायला तर चिखलात पडतो. दोनदा पडलं की तिसऱ्यांदा ऱ्हातोच."

वर्ग झाल्यावर त्यांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची आमटी) आणि लहान लहान तिखट मिरच्या. जेवणात बायकांनी मंगलला मध्ये घेतलं होतं. मी सरांबरोबर बांधावर फिरायला गेलो आणि न राहवून सगळं सांगितलं. आईची घंटी, माझी झोप, शनिवार.

सर थोडा वेळ वालाच्या शेंगा चाचपत राहिले. "ताईंकडे जाग जास्त झालीय आणि तुमच्याकडे काहीच नाही. संसारात असं होतं."

"मग काय करायचं?"

"त्यांची शिफ्ट वर्षापूर्वीच संपलीय, मास्तर. पेशंट गेला. पण रिलिव्हर कुठं आला? चार्ज घेतो असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. त्या अजून बॉयलरपाशीच उभ्या आहेत."

मी म्हणालो, "सर, उद्या मला परत बसू द्या."

"उद्या तुमची बस आहे ना?"

"साडेदहाची आहे. वर्ग साडेआठला संपतो."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, पण हो म्हणाले. निघताना ठमाबाईंना हे कळलं, तेव्हा त्यांनी माझ्या खिशात चार मिरच्या टाकल्या. "डोळा मिटाया लागला का चावायची. रानात राखणीला आमी असंच करतो."

सोमवारी बॅगा घेऊनच हॉलवर गेलो. आसनं झाली, भ्रामरी झाली, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. मग सगळे आडवे झाले. मंगलनं खिडकीजवळ निळी-पांढरी सतरंजी पसरली. मी दाराशी जाऊन बसलो आणि "चार्ज घेतला" म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं की हे मला दारातून म्हणायचं नाहीये. मी उठलो, ट्रॅकपँट वर खोचली आणि तिच्या उशाशी जाऊन बसलो. सगळे ऐकत होते, पण इलाज नव्हता.

"चार्ज घेतला," मी म्हणालो. आणि पुढं म्हणालो, "आईचाही घेतला. तू जा आता."

तिनं डोळे उघडले नाहीत. फक्त डोळ्यांच्या कडेनं पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. ते मी पुसावं की नाही हे मला कळेना. राखणीच्या नियमात ते नव्हतं. मी पुसलं नाही. बऱ्याच वेळानं तिचा उजवा हात, ज्याची कायम मूठ वळलेली असायची, उघडला आणि सतरंजीवर पडला. मग तिचं तोंड जरासं उघडलं. आणि मग, पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, मी माझ्या बायकोचं घोरणं ऐकलं. अगदी बारीक, दूध उकळायला लागताना येतो तसा आवाज.

सव्वानऊला सुधीर उठला. त्यानं मला मनगटावर बोट ठेवून दाखवलं. मी मान हलवली. तो रांगत जवळ आला. "दाजी, बस!"

"जाऊ दे."

"तुमचे हेडमास्तर?"

"जाऊ दे रे."

"मग मी बसतो, तुम्ही चहा तरी घेऊन या."

चहाच्या नावानं माझं मन हललं, खोटं कशाला बोलू. पण मी नाही म्हणालो. सुधीर बॅगा कोपऱ्यात सरकवून निघून गेला. एकेक करत सगळे गेले. शेवटी सरांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बाहेर पडले. दारातून त्यांनी हात जोडले. मला की तिला, माहीत नाही.

दहा वाजता पहिली मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला, तो मी तोंडात दोन्ही हात कोंबून दाबला. अकराला दुसरी. तोवर खिडकीतलं ऊन सतरंजीवरून सरकत तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. मी ढुंगणावर सरकत सरकत खिडकीच्या बाजूला गेलो आणि उन्हाच्या आड बसलो. माझ्या देहाची रुंदी कधी कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी तिचा अख्खा चेहरा माझ्या सावलीत मावला. ऊन सरकलं की मी सरकायचो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लागलो. आधी माझा घाईचा होता, तिचा लांब. मग कधीतरी दोन्ही एक झाले. मन कुठं गेलं नाही. शाळेत गेलं नाही, जेवणातही गेलं नाही. त्याला योग म्हणतात का, हे मी सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला परत वृक्षासन करायला लावलं असतं.

पावणेएकला तिनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानोसा घेतला नाही.

"किती वाजले हो?"

"पावणेएक."

"अगं बाई! बस?"

"गेली."

"मग उठवलं का नाही मला?"

"उठवायचं नसतं इथं."

ती उठून बसली. माझ्या लाल डोळ्यांकडे बघून म्हणाली, "रडलात?"

"मिरची," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं.

मला उठताच येईना. दोन्ही पायांना कंबरेपासून मुंग्या. तिनं माझे हात धरून ओढलं, मी परत बसलो, तिनं परत ओढलं. शेवटी ती इतकी हसायला लागली की तिच्याच हातातलं बळ गेलं आणि आम्ही दोघंही सतरंजीवर बसलो. विहारात झाडायला आलेल्या मावशी दारातून बघून परत गेल्या.

हेडमास्तरांना फोन करून सांगितलं की बस चुकली. कशी चुकली, विचारलं त्यांनी. "ड्यूटीवर होतो," म्हणालो.

मंगळवारी सकाळच्या बसनं निघालो. माझं शरीर, मन आणि तिसरं जे काही असेल ते आठ दिवसांत बेतात आलं, असं सांगितलं तर घरचे हसतील. पायाच्या अंगठ्याला माझा हात आजही लागत नाही. आणि मंगल आता रोज झोपते असंही नाही. आदल्या रात्री बेलवलीत ती दोनदा उठली होती. पण दुसऱ्यांदा उठली तेव्हा मीही जागा होतो, आणि तिनं विचारलं, "तुम्ही आहात ना?" मी आहे म्हणालो. तेवढ्यावर ती परत पडली. मला वाटतं, आम्ही अंबरनाथहून एवढंच घेऊन आलो. एवढं आणि ती सतरंजी.

मुरबाड मागं पडलं, घाट लागला, बस वळायला लागली. कंडक्टर झोपला. मागची माणसं झोपली. मंगलचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि दंडाला हळूहळू मुंग्या यायला लागल्या. खिशातली तिसरी मिरची काढून मी हातात धरून ठेवली.

आळेफाट्याला बस चहासाठी थांबली. कंडक्टर जागा होऊन पुढं आला. "काका, उठवा की मावशींना. चहा घ्या."

समोरच्या टपरीवर आल्याचा चहा उकळत होता, वास थेट खिडकीतून आत येत होता. मी ओठांवर बोट ठेवलं.